परळच्या प्रयोगशाळेतून आलेली छोटी पिवळी गोळी

गरोदरपणाच्या फाईलमधली सर्वांत दुर्लक्षित गोळी कोणती, असं मला विचारलंत तर मी फॉलिक ॲसिडचं नाव घेईन. लहानशी, पिवळी, अगदी स्वस्त. "डॉक्टर, ती ताकदीची गोळी ना? ती संपली, मग परत आणली नाही," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. स्वस्त औषधाला आपल्याकडे मान नसतो. म्हणून आज या गोळीचा इतिहास सांगतो. त्याची सुरुवात आपल्या मुंबईतच, परळला झाली आहे.

1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या. काम होतं हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मृत्यूंची कारणं शोधण्याचं. मुंबईतल्या गरीब, कष्टकरी बायकांना गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय व्हायचा. अंगातलं रक्त झपाट्याने कमी व्हायचं, धाप लागायची, आणि कित्येक जणी बाळंतपणाच्या आसपास दगावायच्या.

विचित्र अशासाठी की हा नेहमीचा, लोह कमी पडल्याने होणारा रक्तक्षय नव्हता. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. या बायकांच्या पेशी संख्येने कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. (तुमच्या सीबीसी रिपोर्टवर 'एमसीव्ही' नावाचा आकडा असतो तो हाच, पेशीचा सरासरी आकार. तो साधारण 100 च्या वर गेला की आम्ही डॉक्टर भुवया उंचावतो.)

जंतुसंसर्गाचा पुरावा सापडेना. तेव्हा विल्स बायकांच्या ताटाकडे वळल्या. कोण काय खातं, किती खातं, याची पाहणी झाली. या कामाच्या शोधनिबंधांवर मेहता आणि तळपदे अशी आपल्याकडची नावंही आहेत, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. पाहणीत दिसलं ते असं: ज्यांचं जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा आजार सर्वांत जास्त. गरीब मुस्लिम स्त्रियांची अवस्था सर्वांत वाईट होती.

मग तसाच निकृष्ट आहार प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिलं. उंदरांवरच्या प्रयोगाने थोडी दिशाभूल केली, कारण त्यांच्या रक्तक्षयामागे एक संसर्गही होता असं पुढे निघालं. माकडांमध्ये मात्र बायकांसारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला. त्यावर उपाय सापडला मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. चव मला स्वतःला अजिबात आवडलेली नाही, पण रुग्ण बायकांना तो दिल्यावर काही दिवसांतच त्यांची भूक परत आली आणि नव्या तांबड्या पेशी वाढू लागल्या. 1931 साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

त्या काळी एक शंका साहजिक होती. 1926 मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी 'पर्निशस ॲनिमिया' या जीवघेण्या आजाराच्या रुग्णांना रोज भरपूर लिव्हर म्हणजे काळीज खायला घालून वाचवलं होतं. त्याही आजारात पेशी मोठ्याच. मग दोन्ही आजार एकच का? विल्स यांनी चिकाटीने ताडून पाहिलं. काळजाचा कच्चा अर्क मुंबईच्या प्रकारच्या रक्तक्षयावर चालायचा. तोच अर्क जास्त शुद्ध केला की पर्निशस ॲनिमियावर चालायचा, पण या आजारावर चालेनासा व्हायचा. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी दुसरंच निघून जात होतं. काळजात दोन वेगळी औषधं दडली होती.

त्यातलं एक म्हणजे फॉलिक ॲसिड. 1941 मध्ये अमेरिकेत काही टन पालकाच्या पानांपासून ते वेगळं केलं गेलं. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडलं. 1945 मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवलं गेलं. तिथे संशोधनाची धुरा होती भीमवरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. दुसरं औषध म्हणजे व्हिटॅमिन बी 12. ते हाती लागायला 1948 उजाडलं.

ही दोन औषधं वेगळी असणं तुमच्यासाठी का महत्त्वाचं आहे, ते सांगतो. पेशी विभागायची तर आधी डीएनए नव्याने तयार व्हावा लागतो आणि त्या कामाला दोन्ही लागतात. कुठलंही एक कमी पडलं की पेशी फुगते, पण वेळेवर विभागत नाही. रक्ताची गंमत अशी, की कमतरता बी 12 ची असली तरी भरपूर फॉलिक ॲसिड दिलं तर रिपोर्ट सुधारतो. नसा मात्र सुधारत नाहीत. त्यांना बी 12 च हवं असतं. 1940 च्या दशकाच्या अखेरीला डॉक्टरांनी हे रुग्णांमध्ये पाहिलं: हिमोग्लोबिन छान वाढतंय आणि पायांच्या मुंग्या वाढत चालल्यात, तोल जातोय. शाकाहारी घरांमध्ये बी 12 कमी असणं मी रोज बघतो. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना अंदाज चुकत असेल, तर दुकानातून नुसतं फॉलिक ॲसिड आणून खाऊ नका. आधी बी 12 तपासून घ्या.

सुब्बाराव यांच्याच चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी रसायनंही बनवली. ती वापरून सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर उपचार केले. त्यांचंच भावंड मेथोट्रेक्सेट आज संधिवातात देतात. "एकीकडे अडवायचं आणि एकीकडे गोळी द्यायची, हे काय?" असं त्या रुग्णांना वाटतं. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून ती सोबत असते. मात्र संधिवातातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.

आता पुन्हा गरोदरपणाकडे. 1991 साली लॅन्सेटमध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. सात देशांतल्या या स्त्रियांच्या आधीच्या बाळाला मेंदूची किंवा मणक्याची नळी नीट न जुळण्याचा जन्मदोष होता. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यावर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली.

'आधीपासून' हा शब्द नीट वाचा. ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, तपासणी केली, घरच्यांना सांगितलं, मग डॉक्टरांकडे आलात, तोवर ते काम झालेलं असतं. त्यानंतर सुरू केलेली गोळी रक्तासाठी उपयोगी आहेच, पण त्या नळीसाठी उशीर झालेला असतो.

तेव्हा मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा आणि पहिले तीन महिने चालू ठेवा. आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस जास्त लागू शकतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फिट्सची औषधं मात्र मनाने बंद करू नका. पालेभाजी खाच, फक्त उकळून पाणी ओतून देऊ नका, कारण फोलेट पाण्यात उतरतं आणि फार शिजवल्याने नष्टही होतं. आणि लग्न ठरलेली मुलगी किंवा भाची घरात असेल, तर हा लेख तिला आजच पाठवा.