जोडी निघाली खोक्यातून

शाळेच्या पुस्तकात क्लोरिनच्या दोन अणूंच्या मधोमध दोन ठिपके असतात. दोघांच्या सामाईक मालकीचे हे इलेक्ट्रॉन, म्हणजेच सहसंयुज बंध. पण दोनच का? माझ्या मते ही जोडी एका खोक्यातून निघाली.

ठिपक्यांहून रेघ जुनी. स्कॉटलंडच्या आर्चिबाल्ड कूपरने १८५८मध्येच अणू रेघांनी जोडले होते. इलेक्ट्रॉन सापडला १८९७मध्ये. रेघेत नेमकं काय भरलंय हे न कळताच मधली जवळजवळ चाळीस वर्षं रसायनशास्त्र बिनदिक्कत चाललं.

मार्च १९०२मध्ये हार्वर्डच्या गिल्बर्ट लुईसने एका कागदावर अणूंच्या जागी घन काढले. बाहेरचे इलेक्ट्रॉन त्यांच्या आठ कोपऱ्यांवर. सोडियमच्या घनावर १, क्लोरिनच्या घनावर ७. सोडियमने आपला देऊन टाकला की क्लोरिनचे आठही कोपरे भरतात, आणि विरुद्ध प्रभारांचे दोन आयन एकमेकांना धरून ठेवतात. मीठ सुटलं. पण क्लोरिनला क्लोरिन का चिकटतो? दोघांनाही एकेक हवा, देणारा कुणीच नाही. इथे कागद गप्प. लुईसने तो छापलाही नाही.

१९१६च्या लेखात तेच घन परत आले, पण कडेला कड लावून. ही बेरीज मला फार आवडते. ७ आणि ७ मिळून इलेक्ट्रॉन १४. दोन सुटे घन भरायला १६ लागतात. एक कोपरा सामाईक केला तर १५. अख्खी कड सामाईक केली की बरोबर १४मध्ये भागतं, आणि कडेला कोपरे असतात दोन! ऑक्सिजनसाठी पूर्ण पृष्ठ सामाईक करायचं: ४ इलेक्ट्रॉन, दुहेरी बंध.

श्रेयाला दुसरे दावेदार आहेत. आल्फ्रेड पार्सन या इंग्रज तरुणाने १९१५मध्ये घनाच्या कोपऱ्यांवर चुंबकी इलेक्ट्रॉन बसवले होते. लुईसला ठिणगी त्याच्याकडून मिळाली, असं म्हणणारे इतिहासकार आहेत. मिळाली असेल. जुना कागद फडताळातून बाहेर पडला तो पार्सनमुळेच, इथवर मी मान्य करतो. दुसरा तर्क असा, की बहुतेक रेणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या सम असते, हे लुईसनेच हेरलं होतं. जोडी त्यावरून सुचली. पण सम संख्या जोडीची जागा दाखवत नाही. कड दाखवते.

गंमत म्हणजे खोकं टिकलं नाही. नायट्रोजनच्या रेणूला ६ इलेक्ट्रॉन सामाईक हवेत, आणि दोन घनांना ६ कोपरे वाटून घेता येत नाहीत. त्याच लेखात लुईसने आठांच्या चार जोड्या करून त्या चतुष्फलकाच्या टोकांवर नेल्या: टोक जुळलं तर एकेरी बंध, कड जुळली तर दुहेरी, पृष्ठ जुळलं तर तिहेरी.

त्याच वर्षी जर्मनीत वाल्टर कोसेलने देवाणघेवाणीची बाजू, म्हणजे आयनिक बंध, स्वतंत्रपणे मांडली. सामाईक जोडीला नाव दिलं अर्विंग लँगम्यूरने, १९१९मध्ये. तो फर्डा वक्ता, त्यामुळे सिद्धांतही त्याच्याच नावावर खपू लागला. लुईसला ते झोंबलं. १९२३च्या पुस्तकात त्याने १९०२चा तो कागद छापला, तारखेसकट.