पागडीची खोली, मालकीचा फ्लॅट आणि फुफीचा हिस्सा

गेल्या महिन्यात एक इस्टेट एजंट घरी येऊन गेला. अब्बांच्या मुंब्र्यातल्या फ्लॅटला आज किती भाव मागता येईल, ते त्याने सांगितले. धाकटा भाऊ खूश झाला. मी गप्प राहिलो, कारण आकडा ऐकताना मला आमची फुफी आठवली. फुफीचे काय झाले हे सांगायचे तर मुंबईत घराला भाव कसा येत गेला, तिथून सुरुवात करावी लागते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रुंद रस्ते झाले, चाळी उभ्या राहिल्या. त्या काळातल्या सामान्य माणसासाठी घर घेणे म्हणजे भाड्याने खोली घेणे. विकत घेण्याचा विचार त्याच्या डोक्यात येतच नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, भाड्यावर नियंत्रण आले. १९४७ च्या भाडे कायद्याने तर १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले. गरिबाला आसरा मिळाला हे खरेच. पण भाडे जागच्या जागी थांबले आणि शहर वाढतच राहिले. मग घराचा खरा भाव दुसऱ्या वाटेने आत शिरला. त्याचे नाव पागडी.

खोली सोडणारा भाडेकरू नव्याकडून रोख रक्कम घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई, आणि मालक नव्याच्या नावाने भाडेपावती फाडी. कायद्याने हा गुन्हा होता. तरी डोंगरी, नागपाडा, गिरगाव, लालबाग, कुठेही जा, व्यवहार असाच चाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, पागडी घेण्याला मान्यता मिळाली. पन्नास वर्षे जे सगळ्यांना माहीत होते ते शेवटी कागदावर आले, एवढेच. इकडे दहा-वीस रुपये भाडे मिळणारा मालक इमारतीला चुनाही लावीना. भेंडी बाजाराजवळ पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३० हून अधिक माणसे गेली. तिच्यामागे या गोठलेल्या भाड्याचाही इतिहास आहे.

आता फुफी. दादांची डोंगरीत पागडीची एक खोली होती. ते वारले तेव्हा चाचा त्यांच्यासोबत राहत होते, म्हणून पावती चाचांच्या नावावर झाली. भाडे कायदा आधी पाहतो तो हाच प्रश्न: मरणाऱ्या भाडेकरूसोबत घरातले कोण राहत होते? मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, हा वारशाचा नियम तिथे कामाला येत नाही. फुफी लग्न होऊन रत्नागिरीकडे गेलेली. पुढे चाचांनी खोली सोडली, पागडी घेतली, मालकाचा तिसरा हिस्सा त्याला पोचवला. मालकाला मिळाले, फुफीला नाही. घरात कुणाला हे खटकलेही नाही, कारण खोली तर भाड्याचीच होती ना! बांगड्यांचा जोड आणि साडी घेऊन ती परत गेली.

भाड्यासाठी इमारत बांधणे परवडेनासे झाले तसा मालकीचा फ्लॅट आला. सहकारी गृहसंस्थेची कल्पना जुनी होती. गावदेवीला सारस्वतांची सोसायटी १९१५ मध्येच झाली होती. पण १९५० नंतर बिल्डर स्वतःच फ्लॅट विकू लागले आणि फसवणूकही वाढली. एकच फ्लॅट दोघांना विकायचा, पैसे घ्यायचे आणि काम थांबवायचे, असले प्रकार. म्हणून १९६३ चा मालकी फ्लॅट कायदा झाला: नोंदणी केलेला करार, पैशांचा हिशेब, आणि शेवटी जमीन सोसायटीच्या नावावर. हे शेवटचे काम बिल्डर टाळत राहिले. लोक भिंतींचे मालक झाले, जमीन मात्र दुसऱ्याच्याच नावावर. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर येत नसेल तर त्याच्याविना जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय झाली. किती सोसायट्यांनी ती वापरली, हे आपापल्या सेक्रेटरींना विचारून पाहा.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला आली. अब्बाही त्यांतलेच. घाईने आलेल्या माणसाला भाव दिसतो, कागद दिसत नाही. त्यात आपल्याकडे व्याज नको म्हणून बरेच जण बँकेच्या दारात जात नाहीत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण कर्ज देताना बँकेचा वकील जमिनीचे कागद तपासतो, ती तपासणीही त्यासोबत सुटते. मग ती स्वतःच्या पैशाने करून घ्यायला हवी, हे फार थोडे करतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत पडली, ७४ माणसे मेली. स्वस्त घर म्हणूनच लोक तिथे गेले होते. अब्बांनी वकिलाला पैसे दिले तेव्हा आम्ही त्यांना हसलो होतो.

फ्लॅटला अंगण नाही, मेंटेनन्स सुटत नाही, लिफ्ट बंद पडली की अम्मीला गुडघे धरून चार मजले चढावे लागत. गावच्या घरासारखी मधे भिंत घालून त्याच्या वाटण्या होत नाहीत. पण फ्लॅट ही मिल्कियत आहे, आणि मिल्कियतीत बहिणीचा हिस्सा आहे. अम्मीही आता नाहीत. आम्ही दोघे भाऊ आणि आपा, म्हणजे आपांचा पाचवा हिस्सा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव भावाचे आहे, आणि आता फ्लॅट आपलाच असे त्याला वाटते. नॉमिनी म्हणजे वारसांसाठी सांभाळणारा, मालक नव्हे, हे त्याला मी दोनदा समजावले.

खरी अडचण भावाची आहे, म्हणजे किमतीची. दहा वर्षांपूर्वी आपांचा पाचवा हिस्सा आम्ही दोघांनी मिळून दिला असता आणि भाऊ त्याच घरात राहिला असता. आज एजंट सांगतो त्या आकड्याचा पाचवा भाग आमच्या दोघांच्या बचतीत बसत नाही. विकणाऱ्याला वाढलेला भाव गोड लागतो. ज्याला हिस्सा देऊन तिथेच राहायचे आहे, त्याचे घर त्याच भावाने सुटते. म्हणून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याचा मोह होतो. आपांनी स्वतःच विचारले, "सही कुठे करायची ते सांग." तेव्हा मला फुफीच्या बांगड्या आठवल्या.

परवा एजंटचा पुन्हा फोन आला, भाव आणखी वर गेलाय म्हणाला. हिस्सा हप्त्याहप्त्याने द्यायचा, पण आजच्या भावाने, असे मी भावाला सुचवले आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही. आपा पुढच्या जुम्याला येतायत, आणि हक्कसोडीचा कागद मी अजून टाइप करून घेतलेला नाही.