लुथरन चर्चमधले भोसले

सातारा-सांगलीकडच्या जुन्या चर्चांची कुळी शोधू लागलं की बहुतेक वाटा अमेरिकेला जातात. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन आलं, मिरजेत प्रेस्बिटेरियन डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारलं. मार्टिन ल्यूथरच्या पंथाचा धागा मात्र मला चर्चमध्ये सापडला नाही. तो सापडला भोसल्यांच्या वंशावळीत, आणि तिथून थेट तंजावरला गेला.

व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं हे सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या शिवगंगा किल्ल्यात, तळ्याजवळ, 1779 सालचं ख्राइस्ट चर्च आहे. लोक त्याला श्वार्ट्झ चर्च म्हणतात. ते दुसऱ्या सरफोजीराजांनी 1779 मध्ये बांधलं, असं प्रवासी माहितीत हमखास छापलेलं असतं. पण सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 चा. दोन वर्षांच्या मुलानं चर्च कसं बांधावं? तंजावरच्या गादीवर तो दत्तक गेला तोच मुळी 1787 मध्ये.

चर्च उभारलं ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांनी. 1726 मध्ये प्रशियात जन्म, हाले इथं शिक्षण, कोपनहेगनला लुथरन दीक्षा आणि 1750 मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आगमन. तमिळ त्यांना येतच होती, पण तंजावरचा दरबार मराठी बोलतो हे पाहून ते मराठीही शिकले. माझ्या लेखी या चर्चचा खरा पाया त्या मराठीत आहे. दुभाष्याशिवाय बोलणाऱ्या या पाद्र्याला तंजावरचे तेव्हाचे राजे तुळजाराजे मानत होते.

यावर आक्षेप असा की किल्ल्यात तेव्हा इंग्रजी शिबंदी होती, श्वार्ट्झना पैसा लंडनच्या अँग्लिकन संस्थेकडून मिळत होता, मग हे चर्च लुथरन कसलं आणि त्यात मराठी ते काय? पैशाचं म्हणणं खरं आहे, आणि पुढे ही मंडळी अँग्लिकनांकडेच गेली. पण उपासना चालवणारा दीक्षेनं लुथरन होता. राहिलं राज्य, तर ते तुळजाराजांचं. राजाची मर्जी नसती तर परकी फौज असूनही त्याच्या राजधानीत ही इमारत सुखानं उभी राहिली नसती, असं मी खात्रीनं म्हणेन.

सरफोजींच्या जन्माविषयीही दोन मतं आहेत. काही जण त्यांना साताऱ्याच्या घराण्यात जन्मलेले मानतात, काही तंजावरकरांच्याच भाऊबंदांतले. मला दुसरं पटतं. मरणाला टेकलेल्या तुळजाराजांनी वारस जवळच्या गोतातूनच निवडला असणार. तरी साताऱ्याची गादी आणि तंजावरची गादी, दोन्ही मालोजींच्याच वंशातल्या.

मरताना तुळजाराजांनी हा मुलगा श्वार्ट्झच्या हाती सोपवला. चुलते अमरसिंग यांच्या कारभारात दत्तकविधानावरच शंका घेतली गेली आणि मुलाचे हाल झाले. तेव्हा श्वार्ट्झनी ईस्ट इंडिया कंपनीकडे त्याची बाजू लावून धरली आणि त्याला शिक्षणासाठी मद्रासला हलवलं. 13 फेब्रुवारी 1798 ला श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. गुरूंनी ते पाहिलं नाही.

मग सरफोजींनी लंडनला जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडून या चर्चसाठी श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि भोसले राजा त्यांचा हात धरून उभा आहे. थडग्यासाठी राजानं इंग्रजीत ओळीही स्वतः रचल्या. चर्च सरफोजींनी बांधलं हा समज या स्मारकामुळेच पसरला असावा.

शेजारीच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर याच राजानं 1803 मध्ये भोसले वंशाचा अवाढव्य मराठी शिलालेख कोरवला. शिलालेख मराठ्यांच्या इतिहासात आणि संगमरवर मिशनच्या इतिहासात अशी आपल्याकडे वाटणी झाली आहे. मला ती साफ चुकीची वाटते. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. एकीकडे त्यांनी पितरांची नोंद ठेवली, दुसरीकडे गुरूची. दोन्ही कामं एकाच मनाची आहेत, आणि ती एकत्रच वाचायला हवीत.

तंजावरला जाणारे मराठी प्रवासी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततात. त्यांनी शिवगंगा तळ्याकडे जाऊन हे चर्चही जरूर पाहावं. आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे.