ताडी, क्लोरल हायड्रेटयुक्त

ताड वा शिंदीच्या आंबलेल्या रसात, पुष्कळदा रसाऐवजी साध्या पाण्यातच, क्लोरल हायड्रेट हे निद्राकारक मिसळून केलेले बेकायदा पेय (पहा : ताडी). महाराष्ट्रात पुणे, सोलापूर, मुंबई येथे आढळते.

क्लोरल हायड्रेट जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनी १८३२ मध्ये तयार केले. झोपेचे औषध म्हणून ते १८६९ पासून वापरात आले. खऱ्या ताडीत मद्यांश थोडा आणि ती एक-दोन दिवसांत आंबट होते. भेसळीच्या ताडीत गुंगी क्लोरल हायड्रेटाच्या स्फटिकांची, गोडी सॅकरीनची. झाडाचा संबंध नावापुरता.

यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर क्लोरल हायड्रेटाचे ट्रायक्लोरोएथॅनॉल बनवते. गुंगी मुख्यतः त्याची. मद्यामुळे ते अधिक बनते, आणि तेच उलट मद्याचे विघटन अडवते. म्हणजे दोन्ही एकमेकांचे रक्तातील प्रमाण वाढवतात. दोन्ही मेंदूतील गाबा (मेंदूची उत्तेजना दाबणारे रसायन) ग्राहींचा शामक परिणाम वाढवतात. त्यामुळे शुद्ध हरपते, श्वास मंदावतो, हृदयाची लय बिघडते. रोज पिणाऱ्याची ताडी एकाएकी तुटल्यास भ्रम व झटके येतात (पहा : व्यसनाधीनता).

अल्प्राझोलाम, डायझेपाम या शामक औषधांचीही ताडीत भेसळ होते. त्यांवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे. क्लोरल हायड्रेटावर असा खास उतारा नाही, श्वासोच्छ्वास सांभाळणे हाच मुख्य उपचार.