दत्तकविधानातील पित्याची संमती

दत्तकविधानातील पित्याची संमती म्हणजे एखादे मूल दत्तक दिले जाण्यापूर्वी त्याच्या जन्मदात्या पित्याची कायद्याने आवश्यक मानलेली मान्यता. माता-पिता विवाहित असून दोघेही मूल दत्तक देऊ इच्छितात, तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. माता दत्तक देण्याचा निर्णय घेते आणि पिता त्यास विरोध करतो, बेपत्ता असतो, किंवा आपण पिता झालो आहोत हेच त्याला ठाऊक नसते, तेव्हा मात्र तो तीव्र होतो. अशा वेळी मातेची गोपनीयता, पित्याचा अपत्यावरील हक्क आणि मुलाला लवकर स्थिर घर मिळण्याची गरज या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात. बहुतेक देशांच्या कायद्यांनी केवळ रक्ताच्या नात्याला संमतीचा अधिकार दिलेला नाही. भारतात हा अधिकार मुख्यतः विवाहावर अवलंबून आहे, तर अमेरिकेत पित्याने मुलासाठी प्रत्यक्षात काय केले आणि किती वेळेत केले यावर.

जुना हिंदू कायदा

दत्तकाचे जुने हिंदू शास्त्र मुख्यतः दत्तक घेणाऱ्याच्या बाजूने रचलेले आहे. वंश चालावा आणि पिंडदान व्हावे, हा त्यामागील हेतू. ‘दत्तकमीमांसा’ आणि ‘दत्तकचंद्रिका’ हे या विषयावरील प्रमाण मानले गेलेले दोन ग्रंथ. मूल देण्याचा अधिकार प्रथम पित्याचा होता. तो मातेच्या संमतीविनाही देऊ शके. माता मात्र पती हयात असताना त्याच्या अनुज्ञेवाचून देऊ शकत नसे. पतीच्या मृत्यूनंतर हा अधिकार तिच्याकडे येई.

महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या मुंबई परंपरेत विधवेला पतीची पूर्वपरवानगी नसतानाही दत्तक घेता येत असे. बंगाल किंवा मद्रासकडील परंपरांत ही मोकळीक नव्हती. घेण्याच्या बाबतीत इतकी उदार असलेली ही परंपरा देण्याच्या बाबतीत मात्र पितृप्रधानच राहिली, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

१९५६ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या नवव्या कलमात मूल दत्तक कोण देऊ शकतो हे सांगितले आहे. मूळ कलमानुसार पिता हयात असेल तर मूल देण्याचा अधिकार एकट्या त्याचाच होता, मात्र मातेची संमती घेणे त्याच्यावर बंधनकारक होते. म्हणजे माता नकार देऊ शके, पण पुढाकार घेऊ शकत नसे. वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियम, २०१० याने ही रचना बदलली. आता माता व पिता यांना समान अधिकार असून कोणीही एकाने तो दुसऱ्याच्या संमतीवाचून वापरावयाचा नाही.

या संमतीला तीनच अपवाद आहेत : दुसऱ्याने संसाराचा पूर्ण व कायमचा त्याग केलेला असणे, तो हिंदू राहिलेला नसणे, किंवा सक्षम न्यायालयाने त्याला विकल मनाचा ठरविलेले असणे. घटस्फोट किंवा पत्नीला सोडून जाणे यांचा समावेश या तिहींत नाही. सर्वसामान्य वाचकाचा येथेच गोंधळ होतो. वर्षानुवर्षे मुलाकडे न फिरकलेला पिता संन्यासी ठरत नाही. त्यामुळे त्याची सही लागते.

या तरतुदीचा अनुभव सर्वाधिक येतो तो पुनर्विवाहित मातांना. घटस्फोटानंतर मातेने दुसरे लग्न केले आणि नव्या पतीने मुलाला दत्तक घ्यावे असे तिला वाटले, तर पहिल्या पतीची संमती हवी. दत्तक नियमावलीतही सावत्र पालकाने दत्तक घेण्यासाठी जन्मदात्या पालकांची संमती अपेक्षित आहे. मुलाच्या ताब्याचा दावा न्यायालयात चालू असेल, तर त्याचा निकाल लागल्यावरच दत्तकाची प्रक्रिया सुरू करता येते. पिता मृत असेल तर मात्र अडचण राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एका आंध्र प्रदेशातील प्रकरणात हे स्पष्ट केले. पहिल्या पतीच्या मृत्यूनंतर माता हीच मुलाची एकमेव नैसर्गिक पालक असते. ती त्याचे आडनाव ठरवू शकते आणि आपल्या दुसऱ्या पतीला ते दत्तकही देऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. मुलाच्या आजी-आजोबांचा विरोध तेथे टिकला नाही.

पित्याच्या सहीला इतके महत्त्व का, हे दत्तकाच्या परिणामांवरून कळते. दत्तकविधानाच्या दिवसापासून मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले नाते कायद्याने संपते. त्या कुटुंबात ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता तो निषेध, आणि आधीच त्याच्या नावे झालेली मालमत्ता, एवढेच काय ते उरते. वैध दत्तक रद्द करता येत नाही.

विवाहबाह्य संतती

अनाथ, सोडून दिलेल्या व पालकांनी स्वाधीन केलेल्या मुलांचे दत्तकविधान बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि त्याखालील दत्तक नियमावलीनुसार होते. सध्याची नियमावली २०२२ ची आहे. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे.

ज्या पालकांना मूल सांभाळणे शक्य नसते, त्यांनी त्याला बाल कल्याण समितीपुढे आणावयाचे असते. समिती चौकशी व समुपदेशन करते आणि मग तिच्यासमोर समर्पणपत्र होते. त्यानंतर पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. या मुदतीत मूल परत घेता येते. मुदत उलटल्यावरच समिती मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे जाहीर करते.

समर्पणपत्रावर सही कोणी करावयाची, याचे उत्तर नियमावलीत विवाहाच्या निकषावर दिले आहे. मूल विवाहित जोडप्याचे असेल तर दोघांच्याही सह्या हव्यात, आणि एक मृत असेल तर मृत्यूचा दाखला. मूल विवाहबाह्य असेल तर ते समर्पित करण्याचा अधिकार फक्त मातेला आहे. माता अल्पवयीन असेल तर तिच्यासोबतच्या प्रौढ व्यक्तीने साक्षीदार म्हणून सही करावयाची असते. अविवाहित पित्याच्या संमतीची अट नाही. त्याला कळविण्याची तरतूदही नाही.

हे वाचून पित्यावर अन्याय झाल्याचे कोणास वाटेल, आणि काही प्रसंगी तो होतही असेल. परंतु आपल्या समाजात अविवाहित मातेच्या वाट्याला जे येते ते पाहता या नियमामागील कारण समजणे कठीण नाही. अशी स्त्री बहुधा गाव सोडून, नात्यातल्या एखाददुसऱ्या माणसालाच सांगून बाळंत झालेली असते. ज्याने जबाबदारी नाकारली त्याचे नाव सांगावे व त्याची सही आणावी, अशी अट घातली तर ती समितीपर्यंत पोहोचणारच नाही, आणि मूल एखाद्या देवळाच्या पायरीवर किंवा रुग्णालयाच्या आवारात सापडेल. समर्पित मुलाविषयी वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊ नये, असा नियम याच विचारातून आलेला आहे.

विवाहित पण पतीने टाकलेल्या स्त्रीची स्थिती याहून विचित्र आहे. तिचे मूल विवाहातील असल्याने पतीची सही आवश्यक ठरते, आणि पतीचा ठावठिकाणा तर नसतो. अशा मुलाला नियमावलीने ‘सोडून दिलेले’ मूल मानून पुढील कार्यवाही करण्यास सांगितले आहे. ही कार्यवाही म्हणजे वृत्तपत्रात छायाचित्रासह निवेदन देऊन पालकांचा शोध घेणे. मुलाला हातात धरून स्वतः समितीपुढे आलेल्या मातेचे मूल कागदोपत्री बेवारस ठरते. अविवाहित मातेला मिळणारी गोपनीयता तिला मिळत नाही.

विवाहाच्या निकषाला आणखी एक बाजू आहे. वैवाहिक संबंध चालू असताना जन्मलेले मूल पतीचेच असल्याचे पुराव्याचा कायदा गृहीत धरतो. पूर्वी हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमात होते, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये आहे. विवाहितेचे मूल वस्तुतः अन्य पुरुषाचे असले, तरी संमती पतीची लागते. जन्मदात्याला कोणी विचारत नाही.

पालकत्वाचा निवाडा

अविवाहित मातेच्या बाजूने वारंवार उल्लेखिला जाणारा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिला. न्या. विक्रमजित सेन व न्या. अभय मनोहर सप्रे यांच्या पीठापुढील या प्रकरणात एका अविवाहित ख्रिस्ती मातेने आपल्या मुलाची कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मागितली होती. पालक व पाल्य कायदा, १८९० नुसार पित्याला नोटीस द्यावी, अशी खालच्या न्यायालयांची भूमिका होती. त्याचे नाव उघड करण्यास तिचा नकार होता. सर्वोच्च न्यायालयाने नाव सांगण्याची व नोटिशीची सक्ती काढून टाकली.

हा निवाडा दत्तकाचा नसून पालकत्वाचा आहे, हे अनेक लेखांत विसरले जाते. पालकत्वाचा आदेश अंतिम नसतो आणि पुढे कधी पित्याने दाद मागितली तर त्यात बदल होऊ शकतो, असे न्यायालयानेच नमूद केले होते. दत्तकाच्या आदेशाला ही लवचीकता नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यातही अनौरस मुलाची नैसर्गिक पालक प्रथम माता व तिच्यानंतर पिता असा क्रम आहे. पित्याचे स्थान पुसलेले नसून मागे ठेवलेले आहे.

अमेरिकेतील विकास

अविवाहित पित्याच्या हक्कांवर सर्वाधिक न्यायनिर्णय अमेरिकेत झाले. इलिनॉय राज्यात विवाह न करता अठरा वर्षे अधूनमधून एकत्र राहिलेल्या जोडप्यातील माता वारली, तेव्हा राज्याने मुले ताब्यात घेतली. अविवाहित पिता तेथील कायद्याच्या व्याख्येत ‘पालक’ नव्हता. स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय (१९७२) या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पित्याची पात्रता तपासल्याशिवाय मुले काढून घेता येणार नाहीत, असे ठरविले.

पुढील तीन निकालांनी या हक्काची मर्यादा आखली. क्विलोइन विरुद्ध वॉलकॉट (१९७८) मध्ये अकरा वर्षांच्या मुलाची जबाबदारी पित्याने कधीच घेतली नव्हती, म्हणून सावत्र पित्याच्या दत्तकाला विरोध करण्याचा त्याचा अधिकार मान्य झाला नाही. कबान विरुद्ध मोहम्मद (१९७९) मध्ये पिता मुलांसोबत राहिलेला व त्यांना वाढविणारा होता. केवळ मातेलाच नकाराधिकार देणारा न्यू यॉर्कचा कायदा तेथे पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरला. लेहर विरुद्ध रॉबर्टसन (१९८३) मध्ये पित्याने राज्याच्या कथित पित्यांच्या नोंदवहीत नाव नोंदविले नव्हते, म्हणून त्याला न कळविता झालेले दत्तक कायम राहिले. जैविक नाते पित्याला एक संधी देते आणि ती त्याने साधली तरच हक्क उत्पन्न होतो, हे या निकालाचे सूत्र होय. असहमत न्यायमूर्तींनी दाखवून दिले की या पित्याने पितृत्वासाठी दुसऱ्या न्यायालयात अर्ज केलेला होता आणि दत्तकाचा आदेश देणाऱ्या न्यायाधीशाला ते ठाऊक होते.

यानंतरच्या दोन प्रकरणांनी सामान्य जनता हळहळली. पहिल्यात आयोवातील मातेने प्रसूतीनंतर भलत्याच पुरुषाचे नाव पिता म्हणून दिले. खरा पिता काही आठवड्यांतच पुढे आला, पण खटला लांबत गेला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अडीच वर्षांची मुलगी मिशिगनमधील दत्तकेच्छू दांपत्याकडून काढून जन्मदात्यांना देण्यात आली. दुसऱ्यात, इलिनॉयमध्ये, मातेने पित्याला मूल दगावल्याचे सांगितले होते. त्याला सत्य कळले तेव्हा मूल सुमारे दोन महिन्यांचे होते. प्रत्यक्ष ताबा मिळाला एप्रिल १९९५ मध्ये, मूल चार वर्षांचे झाल्यावर. दोन्ही ठिकाणी पित्याचा हक्क न्यायालयाने योग्यच मानला असे म्हणता येईल. परंतु तोवर मुलांनी ज्यांना आई-बाबा म्हटले होते ते दुसरेच होते.

याचा परिणाम म्हणून नोंदवह्यांचा प्रसार झाला. आज तीसहून अधिक राज्यांत त्या आहेत. इलिनॉयमध्ये पित्याने मुलाच्या जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नाव नोंदवावयाचे असते. गर्भधारणा किंवा जन्म ठाऊक नव्हता, ही सबब चालत नाही. ज्याच्याशी खोटे बोलले गेले त्याने तरी नोंद कशाच्या आधारे करावी, हा आक्षेप आजही कायम आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी वंशाच्या एका पित्याचा दावा पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. आदिवासी मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या १९७८ च्या कायद्याचा आधार, मुलाचा ताबा कधीच नसलेल्या पित्याला घेता येत नाही, असे त्यात म्हटले होते. भारतात अशी कोणतीही नोंदवही नाही.

आयर्लंड

कीगन विरुद्ध आयर्लंड (१९९४) या प्रकरणात जोडपे एकत्र राहत होते आणि मूलही ठरवून झालेले होते. जन्मापूर्वीच ते विभक्त झाले. मातेने पित्याला न कळविता मूल दत्तकासाठी एका कुटुंबात ठेवले. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पित्याच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले. मूल मात्र दत्तक कुटुंबातच राहिले. आयर्लंडने १९९८ मध्ये कायदा बदलून अविवाहित पित्याशी विचारविनिमय करण्याची पद्धत आणली.

मुलाचा मूळशोध

भारतीय नियमावलीने दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपल्या जन्मकुटुंबाचा शोध घेण्याची मुभा दिली आहे. मात्र त्यातून जन्मदात्या पालकांच्या खासगीपणास बाधा येऊ नये, अशी अट आहे. त्रयस्थ व्यक्तीमार्फत हा शोध घेता येत नाही. अशा वेळी पाहिले जाते ते समर्पणाच्या वेळचे कागद, आणि मातेने त्या दिवशी पित्याचे नाव सांगितलेले नसेल, तर त्या बाजूचा मागोवा तेथेच थांबतो.