सरकारी विमान तिकिटाचा प्रवास

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कोणत्या विमानाने जायचे, हा प्रश्न १९५३ नंतर जवळपास चाळीस वर्षे पडलाच नाही. त्या वर्षी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे गेली. जे.आर.डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणून सुरू केलेल्या कंपनीचेच एअर इंडिया हे पुढचे रूप. दौरा सरकारी आणि विमानही सरकारी, त्यामुळे पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाई.

१९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या आल्या आणि तुलना सुरू झाली. २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्या एकत्र आल्या, पण तोटा वाढतच गेला. अखेर १३ जुलै २००९ रोजी अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने फर्मान काढले: सरकारच्या खर्चाने होणारा देशातला आणि परदेशातला विमानप्रवास एअर इंडियानेच करायचा. एअर इंडिया जिथे जात नसेल, तिथे तिच्या सर्वांत जवळच्या टप्प्यापर्यंत तिनेच जावे आणि पुढे दुसरी कंपनी घ्यावी. नियम मोडायचा तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची परवानगी लागे. काटकसरीच्या नावाने निघणाऱ्या परिपत्रकांच्या पंक्तीत हे बसत असले, तरी त्यात प्रवाशाच्या सोयीपेक्षा कंपनीच्या प्रकृतीची काळजी अधिक होती. रजा प्रवास सवलतीसाठी, म्हणजे एलटीसीसाठी, एअर इंडियाचे ‘एलटीसी-८०’ हे वेगळे भाडे होते. बाजारात स्वस्त तिकीट दिसत असले, तरी देयकाचा हिशेब त्याच भाड्यावर ठरे. खोटी तिकिटे आणि बनावट बोर्डिंग पास जोडून एलटीसीचे पैसे उचलल्याची प्रकरणेही पुढे तपास यंत्रणांकडे गेली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची बोली मान्य झाली आणि उधारीचा काळ संपला. २७ ऑक्टोबरला सर्व मंत्रालयांना एअर इंडियाची थकबाकी तातडीने चुकती करायला आणि यापुढे तिकिटे रोखीने घ्यायला सांगण्यात आले. प्रत्यक्ष हस्तांतरण २७ जानेवारी २०२२ रोजी झाले. त्याआधीच, ३१ डिसेंबरच्या आदेशाने, कंपनी कोणतीही चालेल पण तिकीट तीनच अधिकृत संस्थांकडून घ्यावे, असे ठरले होते: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. तिन्हींचा सरकारशी संबंध आहे. बामर लॉरी ही १८६७ साली कलकत्त्यात दोन स्कॉटिश भागीदारांनी काढलेली व्यापारी पेढी. ती आज पिंपेही बनवते आणि तिकिटेही काढते.

खरी शिस्त आली ती १६ जून २०२२ च्या सूचनांनी. आपल्या पात्रतेच्या वर्गात, तीन तासांच्या गटात मिळणारे सर्वांत स्वस्त तिकीट, तेही शक्यतो थेट विमानाचे, हा निकष लागू झाला. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान निघायचे असेल, तर तुलना त्याच गटात होते. दुपारचे विमान स्वस्त आहे म्हणून सकाळची बैठक बुडवावी लागत नाही. आरक्षण शक्यतो २१ दिवस आधी करावे, असा आग्रह आहे. प्रवासाला ७२ तासांपेक्षा कमी वेळ असताना तिकीट काढले किंवा २४ तासांच्या आत रद्द केले, तर कारण स्वतः लिहून द्यावे लागते. एलटीसीचे देयक सादर करण्यासाठी संस्थेच्या संकेतस्थळावरील विमाने आणि भाडी दाखवणाऱ्या पानाची छापील प्रतही जपून ठेवायची असते. अडचणीत दुसरीकडून तिकीट काढलेच, तर ती सूट देण्याचा अधिकार सहसचिव दर्जाच्या खाली नाही.