एरंडेल आणि टू-टी : एका इशाऱ्याचा इतिहास

“एका तेलावर दुसरें तेल ओतूं नका,” हा इशारा नांदेड-लातूरकडील जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडून स्कूटरवाल्यांनीं पुष्कळदां ऐकलेला आहे. गाडी कोणाची, तेल कोणत्या नांवाचें, याची चौकशी न करतांच तो दिला जाई, आणि गिऱ्हाईकहि तो मुकाट्यानें ऐकून घेई. असले पिढीजात समज तपासूं लागलें म्हणजे बहुधा पोकळ निघतात. याचें मात्र तसें नाहीं. याच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे, आणि ती बांधावरच्या एरंडापासून सुरू होते.

फिरत्या चाकाला वंगण हवें, हें मराठवाड्याला मोटारीनें शिकविलें नाहीं. 1911 मध्यें बार्शी लाईट रेल्वेची अरुंद वाट लातुरास पोंचली, तरी खेड्यांतला माल गंजापर्यंत येई तो बैलगाडीनेंच. त्या गाडीच्या आंखाला एरंडेलांत काजळी किंवा जळक्या गवताची राख कालवून केलेलें वंगण लावीत. तें नळकांड्यांत भरून गाडीखालीं टांगलेलें असे. तेंच एरंडेल घरांत दिव्याला लागे आणि मुलांच्या पोटालाहि लागे. मुलांचें त्याविषयींचें मत सर्वांना ठाऊक आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानांत एरंडीचें पीक फार मोठें होतें. त्याचा मोठा भाग तेलंगणांत, नलगोंडा व महबूबनगर या बाजूस होई. मराठवाड्यांत एरंड मुख्यतः बांधावरचा सोबती राहिला.

इकडे हें चाललें असतां इंग्लंडांत जोसेफ डे यानें 1891 मध्यें दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनाचें एक अगदीं साधें रूप सिद्ध केलें. त्यांत झडपांची यंत्रणा नाहीं; ताजी हवा व इंधन प्रथम खालच्या पेटींत शिरतें आणि तेथून वर सिलिंडरांत जातें. पेटीच अशी वाहती झाल्यावर तेथें तेलाचा सांठा ठेवणार कसा? म्हणून पुढें पेट्रोलांतच तेल मिसळण्याची रीत पडली. चार धावांच्या इंजिनांत तेल फिरून फिरून कामास येतें. येथें तें एकदांच उपयोगी पडतें आणि जळून धुरांतून निघून जातें. म्हणूनच या इंजिनाला तेलाची निवड इतकी भोंवते.

एरंडेलाचें भाग्य उघडलें तें विमानांमुळें. लंडनच्या वेकफील्ड यांच्या कंपनीनें 1909 मध्यें एरंडेल घातलेलें मोटारीचें तेल काढलें आणि एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नांवावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटलें. त्याच सुमारास फ्रान्सांत नोम जातीचीं, सबंध सिलिंडरमंडळ गरगर फिरणारीं विमान-इंजिनें निघालीं. तीं चार धावांचीं होतीं, परंतु तेलाची तऱ्हा तीच : वापरलें कीं गेलें. पेट्रोलची वाफ पेटींतून जात असल्यामुळें खनिज तेल तिच्याबरोबर धुऊन निघे. एरंडेल मात्र धातूला धरून बसे. पहिल्या महायुद्धांत यामुळें एरंडीला एवढी मागणी आली कीं, 1918 मध्यें अमेरिकेनें आपल्या देशांत एरंड लावण्यासाठीं हिंदुस्थानांतून बियाणें नेलें. इंजिनांतून उडणारें एरंडेल वैमानिकांच्या पोटांत जाऊन त्यांची काय अवस्था होई, याच्या कथा विमानविद्येच्या पुस्तकांत पुष्कळ आहेत. त्या येथें सांगण्याचें कारण नाहीं.

आतां त्या इशाऱ्याकडे येऊं. एरंडेलांतील स्निग्धाम्लांपैकीं सुमारें नऊ-दशांश भाग रिसिनोलिक या एकाच आम्लाचा असतो, आणि त्याच्या घडणीमुळें हें तेल इतर तेलांहून निराळें वागतें. मद्यार्कांत तें सहज विरघळतें. खनिज तेलाशीं मात्र त्याचें जमत नाहीं. दोन्ही एकत्र केलीं तर कालांतरानें वेगळीं होतात. जड असलेलें एरंडेल तळाशीं बसतें, बारीक छिद्रांत अडकतें, आणि वरचें पेट्रोल तेलावांचून इंजिनांत जातें. कोरडा पिस्टन तापून सिलिंडरांत चिकटावयास मग वेळ लागत नाहीं. शिवाय एरंडेल जळलें कीं चिकट लाखेसारखा थर मागें राहतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल वापरणारे लोक खनिज तेलाकडे वळतांना टांकी, नळी, कार्ब्युरेटर सारें धुऊन काढीत. इशारा खरा होता. पण तो या दोन जातींपुरता होता.

मराठवाड्यांत टू-स्ट्रोक गाडी घरोघर आली तेव्हां एरंडेलाचा जमाना संपला होता. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशननें, म्हणजे पुढील बजाज ऑटोनें, 1948 पासून इटलीच्या व्हेस्पा स्कूटरी आणविल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. 1972 मध्यें बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षीं पुण्याच्या कायनेटिकची लूनाहि आली. शिक्षक, कारकून, अडते, दूधवाले सगळेच त्यांवर बसूं लागले. लिटरभर पेट्रोलांत वीस मिलीलिटर टू-टी तेल, म्हणजे पन्नासास एक, हें चेतकचें माप मुलांनाहि पाठ झालें. पंपावर तेल घालून झाल्यावर मालक स्कूटर डावी-उजवीकडे डोलवी, तें मिश्रण एकजीव व्हावें म्हणून. नवख्याला तें गमतीचें वाटे.

हें टू-टी तेल खनिज जातीचेंच. तेव्हां एका कंपनीच्या तेलानंतर दुसऱ्याचें घातलें म्हणून इंजिन बिघडण्याचें कारण नव्हतें. तरी बिघाड होत, आणि त्यांचा दोष ‘तेल बदललें’ यावर ढकलला जाई. खरें कारण बहुधा निराळें असे. सुटें तेल कशाचें आहे हें कोणालाच ठाऊक नसे. कोणी चार धावांच्या इंजिनाचें तेल स्वस्त म्हणून ओती, आणि त्यांतील धातुयुक्त द्रव्यांची राख प्लगवर जमे. कोणी ‘थोडें जास्तच बरें’ म्हणून माप वाढवी. तेल वाढलें कीं मिश्रणांतलें पेट्रोल तितकें घटतें, इंजिन उलट अधिक तापतें आणि सायलेन्सर काजळीनें बुजतो, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नसे.

तेल खुशाल बदलावें. पण जात पाहून बदलावें. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाला त्याच कामाचें, डब्यावर ‘जासो एफ-सी’ किंवा त्याहून वरची खूण असलेलें तेल हवें. नावेच्या, पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनाचें तेल त्याला पुरें पडत नाहीं. कॅनडाकडे बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांना हिमांतहि न गोठणारें तेल लागतें. नांदेडच्या वैशाखांत त्या गुणाचा उपयोग नाहीं. टांकींतलें जुनें मिश्रण संपत आलें कीं नवें भरावें. यामाहा आर-एक्स 100 सारख्या, तेलाची टांकी निराळी असलेल्या गाडींत मात्र ती अगदीं कोरडी होऊं देऊं नये. नळींत हवा शिरली तर पंप तेल ओढीत नाहीं. शंका असल्यास दोन्ही तेलें कांचेच्या बाटलींत समभाग घालून दोन दिवस ठेवावीं. गढूळ झालीं किंवा थर पडले, तर जुनें पुरतें काढून टांकावें. पूर्वीचें तेल एरंडेलाचें असेल तर धुणें टाळूंच नये.

टू-स्ट्रोकचा निळसर धूर शहरांना नकोसा झाला, आणि दिल्लींत 1998 मध्यें सुट्या टू-टी तेलाच्या विक्रीवर बंदी आली. पंपावरच यंत्रानें मापून मिसळावें असें ठरलें. धूर कमी करणारीं तेलें त्यानंतर सर्रास झालीं. पुढें चार धावांच्या गाड्या आल्या आणि चेतकची जुनी फटफट थांबली.

तरी टू-टीची बाटली लातूर-नांदेडच्या दुकानांतून गेलेली नाहीं. सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या पाठीवरच्या पंपांतून आणि गवत कापण्याच्या यंत्रांतून हींच इंजिनें चालतात. कोणाला पंचविसास एक हवें, कोणाला पन्नासास एक; माप यंत्राच्या पुस्तिकेवरून घ्यावयाचें, शेजाऱ्याच्या पंपावरून नव्हे. हंगाम संपल्यावर टांकींत राहिलेलें मिश्रण काढून ठेवावें लागतें, नाहींतर पेट्रोल उडून जातें आणि चिकट तेल तेवढें कार्ब्युरेटरांत उरतें. एरंडीचें पीक आतां मुख्यतः गुजरातेंत होतें. इकडच्या बांधांवर एखादें झाड अजून दिसतें.